हॉर्सरॅडिशचे मूळ घरी वाळवले, पण झणका गेला कुठे?

वैशाखवणवा (जुळे सोलापूर)

नमस्कार. माझा प्रश्न जरा आडवाटेचा आहे, पण वाळवणाची जाण असणारी बरीच मंडळी इथे लिहितात, म्हणून विचारण्याचे धाडस करते.

आमचे जावई आठ वर्षे व्हिएन्नाला नोकरीस होते. तिकडे हॉर्सरॅडिश या नाकाला झोंबणाऱ्या मुळाला ‘क्रेन’ म्हणतात आणि उकडलेल्या मांसाबरोबर त्याचा ताजा कीस वाढतात. जावईबापूंना त्याची इतकी गोडी लागली आहे की, मे महिन्यात ते आणि लेक इकडे यायच्या आत काहीतरी करून ठेवावे असे मला वाटले. पुण्यात परदेशी भाज्या विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून दीड किलो मुळे मागवली. दिसायला ती मातकट, खडबडीत, मनगटाएवढी जाड आणि मुळ्यापेक्षा कितीतरी कठीण आहेत. नाकाशी धरली तर मातीखेरीज कसलाही वास येत नाही.

ताजे मूळ मेपर्यंत टिकणार नाही अशा समजुतीने त्यातले सातशे ग्रॅम सोलून बारीक किसणीवर किसले. किसताना जे झाले ते सांगण्यासारखे आहे. दोन मिनिटांत माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, त्र्याऐंशी वर्षांच्या सासूबाई पदर नाकाला लावून आतल्या खोलीत गेल्या आणि शेजारच्या वहिनींनी खिडकीतून विचारले की, मिरच्या भाजायला घेतल्यात का? मला उलट आनंदच झाला, कारण माल जातिवंत असल्याची ती पावती वाटली. कीस स्टीलच्या परातीत पातळ पसरला, वर जाळी घातली आणि परात गच्चीवर उन्हात ठेवली. आपल्याकडचे एप्रिलमधले ऊन काय असते हे सोलापूरकरांना सांगायला नको. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कीस खडखडीत वाळला, एकशे नव्वद ग्रॅम भरला आणि रंगाने पिवळट-तपकिरी झाला.

मिक्सरमधून त्याची पूड केली आणि तिथेच निराशा झाली. पुडीला वाळक्या गवतासारखा वास होता. चिमूटभर जिभेवर ठेवली तर आधी काहीच लागेना, मग किंचित कडवटपणा आला. कदाचित तेलात खुलेल म्हणून आमटीच्या फोडणीत हिंगाबरोबर चमचाभर टाकून पाहिली. आमटी तेवढी कडवट झाली, झणका नावालाही नाही.

आता उरलेली साधारण आठशे ग्रॅम मुळे ओल्या पंच्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली आहेत. ती वाळवताना काय वेगळे करावे, आणि झालेली पूड फेकूनच द्यावी की तिचा काही उपयोग आहे, हे कृपया कोणी सांगावे. शिवाय या वस्तूचा आपल्या रोजच्या स्वयंपाकात मेळ कुठे बसतो, हेही जाणून घ्यायला आवडेल, कारण उकडलेले मांस आमच्याकडे कोणी खात नाही.

---

निवृत्त_रसायन

वैशाखवणवा ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच लिहिले आहे, फक्त ते पावती म्हणून वाचले. शेजारच्या वहिनींच्या नाकात जे गेले तेच तुम्हाला बरणीत हवे होते.

हॉर्सरॅडिश हे मोहरी, मुळा आणि कोबी यांच्या कुळातले. अखंड मुळात तिखटपणा नसतोच, म्हणून तुम्हाला फक्त मातीचा वास आला. त्यात सिनिग्रिन नावाचे एक द्रव्य असते आणि मायरोसिनेज नावाचे एक विकर (एन्झाइम) असते. निसर्गाने ही दोन्ही वेगवेगळ्या पेशींत कोंडून ठेवलेली असतात. मूळ किसले, ठेचले किंवा चावले की भिंती फुटतात, दोघांची गाठ पडते आणि पाण्याच्या सान्निध्यात अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट तयार होते. झणका म्हणतात तो याचा. कीड किंवा जनावर मुळाला तोंड लावील तेव्हा त्याला पिटाळण्यासाठीची ही सोय आहे. ते द्रव्य अतिशय उडून जाणारे असल्यामुळे जिभेपेक्षा नाकात आणि डोळ्यांत आधी पोचते. मिरचीचे तसे नसते. तिच्यातले कॅप्सेसिन उडत नाही, तेलात विरघळते आणि शिजवले तरी टिकते, म्हणून ती फोडणीत चालते आणि जीभ भाजते.

ही सगळी कथा आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, फक्त मोहरीच्या नावाने. फोडणीत तडतडलेली मोहरी कधी नाकात गेली आहे का? नाही, कारण उकळत्या तेलात विकर मरते आणि मग सिनिग्रिन कितीही शिल्लक असले तरी त्याला उकलणारे कोणी राहत नाही. तीच मोहरी कुटून, थंड पाण्याचा हबका देऊन फेसली की तांबड्या भोपळ्याच्या भरताला काय झणका येतो! माझी आई मोहरी फेसताना भांड्यावर तोंड नेऊन हुंगायची, मान झटकन मागे गेली की म्हणायची, ‘चढली.’ पाणी गार असले पाहिजे आणि मीठ व लिंबू मोहरी चढल्यावरच घालायचे, हे दोन नियम ती काटेकोरपणे पाळत असे. मी चौतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले, पण विकराच्या क्रियेचे त्याहून नेटके प्रात्यक्षिक मला वर्गात दाखवता आले नाही.

तुमच्या हातून घडले ते असे. किसल्यामुळे जवळजवळ प्रत्येक पेशी फुटली आणि असेल नसेल तो सगळा झणका ओल्या किसातच तयार झाला. मग तो कीस पातळ पसरून उन्हात ठेवल्यावर पाण्याबरोबर तोही उडून गेला. त्यातून परात स्टीलची. भर दुपारी गच्चीवरच्या परातीला हात लावून पाहा, चटका बसेल. ओल्या अवस्थेत साठ अंशांच्या आसपासची उष्णता मिळाली की हे विकर निकामी होऊ लागते. म्हणजे जे थोडे सिनिग्रिन वाचले असेल त्याला जागे करणाराही गेला. कोरड्या अवस्थेत मात्र हेच विकर बरीच उष्णता सोसते. वाळवणाचे पहिले काही तास जपायचे ते म्हणूनच.

तेव्हा उरलेल्या मुळांच्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळा. मूळ किसू नका. धारदार सुरीने पातळ, साधारण दोन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा, म्हणजे फक्त कापाच्या जागच्या पेशी फुटतील आणि आतल्या बंद राहतील. उष्णता चाळीस ते पन्नास अंशांच्या वर जाऊ देऊ नका. आणि तिसरी गोष्ट अशी की पूड आज करायचीच नाही. चकत्या तशाच काचेच्या बरणीत घट्ट झाकून, काळोखात ठेवा आणि लागेल तेव्हा लागेल तेवढ्याच दळा.

आणखी एक इशारा. भाज्या वाळवण्याआधी उकळत्या पाण्यातून काढाव्यात असे पुष्कळ ठिकाणी सांगतात आणि गाजर-मटारासाठी ते बरोबरही आहे, कारण तिथे विकरे मारायचीच असतात. इथे विकर हाच आपला माणूस आहे, त्यामुळे तो सल्ला हॉर्सरॅडिशला लावू नये.

झालेली पूड टाकण्याआधी एक परीक्षा करून पाहा. चमचाभर पूड, दोन चमचे माठातले पाणी, वर झाकण, आणि पंधरा मिनिटांनी हुंगा. काही ना काही आले तर ती कोशिंबिरीत खपवा. काहीच आले नाही तर मात्र आशा सोडा. झणका एकदा गेला की मंत्राने परत येत नाही.

---

कुरडई_कारखाना

सरांनी शास्त्र सांगितले, मी हाताचे सांगते. बाळे भागात आमचे कुरडया, सांडगे आणि वाळवलेल्या कांद्याचे घरगुती काम आहे. हॉर्सरॅडिश मी आयुष्यात पाहिलेले नाही, पण वाळवणाची रीत वस्तू बदलली तरी फारशी बदलत नाही, आणि लसूण-आले वाळवताना हीच अडचण आम्हाला येते.

ताई, परात विसरा. धातू खालून तापतो आणि वाळवण भाजल्यासारखे होते. बाजेवर किंवा दोन खुर्च्यांच्या पाठींवर जुने सुती लुगडे ताणून बांधा, म्हणजे खालून-वरून दोन्हीकडून हवा लागेल. हे सगळे उन्हात नव्हे, पत्र्याच्या शेडखालीही नव्हे (पत्र्याची धग वरून उतरते), तर उत्तरेकडच्या पडवीत किंवा पंख्याखाली खोलीत करायचे. सोलापूरची हवा एप्रिलमध्ये इतकी कोरडी असते की सावलीतसुद्धा पातळ चकत्या दोन ते तीन दिवसांत वाळतात. ऊन फार चांगले म्हणून आपण त्याच्या मोहात पडतो, खरा उपयोग कोरड्या वाऱ्याचा असतो. कोकणातल्या माझ्या जावेला सावलीत असे काही वाळवता येत नाही, तिच्याकडे आधी बुरशी येते.

चकत्या एकावर एक पडू देऊ नका. पहिल्या दिवशी दर तीन-चार तासांनी उलटा, कारण वरची बाजू वाळून आकसते आणि आत ओल अडकते. वळीव पडण्याची लक्षणे दिसली, म्हणजे दुपारनंतर ढग येऊन वारा फिरला की सगळे उचलून आत घ्या. हवेतला ओलावा वाढला की अर्धवट वाळलेला माल चिवट होतो आणि मग पुन्हा कुरकुरीत व्हायला दुप्पट वेळ घेतो.

वाळल्याची खूण बोटांना कळते. चकती वाकली तर अजून कच्ची आहे, मोडताना ‘कट्’ आवाज आला तर झाली. जाड चकत्यांची मोडलेली कड पाहावी. मध्यभाग काचेसारखा, किंचित पारदर्शक दिसला तर आत पाणी आहे असे समजावे. सगळ्या वाळल्यावर लगेच बरणी भरू नका. तासभर थंड होऊ द्या, मग भरा, आणि पहिला आठवडा रोज बरणी उघड्या डोळ्यांनी पाहा. काचेला आतून दव दिसले तर पुन्हा बाहेर काढून एक दिवस द्या. मी एकदा आल्याच्या चार किलो चकत्या घाईने भरून बसले आणि महिन्याने बरणीत केसाळ हिरवी बुरशी निघाली, तेव्हापासून हा नियम मोडत नाही.

घरात फळे सुकवण्याचे विजेवरचे यंत्र असेल तर चाळीस अंशांवर लावून रात्रभर चालवा, काम सोपे होईल. नसेल तर त्यासाठी विकत घेऊ नका.

मिक्सरबद्दल एकच सांगते. सलग फिरवला की भांडे गरम होते. दहा सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. आणि झाकण लगेच उघडू नका, धूळ खाली बसू द्या, नाहीतर सासूबाई पुन्हा आतल्या खोलीत जातील.

---

अक्कलकोट_रस्ता

इतकी यातायात कशाला? इंग्रजीत शेवग्याला ‘हॉर्सरॅडिश ट्री’ म्हणतात. माझ्या बांधावर बारा झाडे आहेत. शेवग्याचे मूळ खरवडले की तसाच उग्र वास येतो, हे मी स्वतः पाहिले आहे. इंग्रज साहेबलोक इथे होते तेव्हा शेवग्याच्या मुळाचाच कीस करून खात असत असे आजोबा सांगत. दीड किलोचे पैसे पुण्याला देण्यापेक्षा ताईंनी आमच्याकडून मुळे न्यावीत, मोबदला नको.

---

निवृत्त_रसायन

आपला भाव मोठा आहे आणि आजोबांची माहितीही खरी आहे. इंग्रजांना इथे हॉर्सरॅडिश मिळेना, म्हणून त्यांनी शेवग्याच्या मुळावर तहान भागवली आणि त्यातूनच झाडाला ते नाव पडले. दोन्ही वनस्पती एका मोठ्या गणातल्या असल्यामुळे शेवग्याच्या मुळातही त्याच जातीची, पण वेगळी, झोंबणारी द्रव्ये असतात. वास सारखा येतो तो त्यामुळे.

तरीही हे मूळ खाण्याचा सल्ला मी देणार नाही आणि कोणी देऊ नये असेही म्हणेन. शेवग्याच्या मुळात, विशेषतः त्याच्या सालीत, अपायकारक अल्कलॉइडे असतात आणि गरोदर स्त्रियांनी तर ते सर्वथा टाळावे असे सांगितले जाते. शेंगा, पाला आणि फुले आपण खातो म्हणून मूळही तसेच निर्धोक असेल, असा हिशेब वनस्पतींच्या बाबतीत चालत नाही. बटाटा खातो म्हणून बटाट्याची पाने कोणी भाजीला घेत नाही. झाडे बांधावरच राहू द्या. शेंगा मात्र ताईंना अवश्य पाठवा, त्या सगळ्यांना चालतील.

---

अक्कलकोट_रस्ता

मान्य. मुळे राहिली, शेंगा पाठवतो.

---

नळी_आणि_पट्टी

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि हा धागा वाचून मला मौज वाटली, कारण हॉर्सरॅडिश हा शब्द मी रोज वाचतो, पण त्याची चव कशी असते हे मला आजवर माहीत नव्हते. एलायझा पद्धतीच्या अनेक तपासण्यांमध्ये शेवटी जो रंग उमटतो, तो हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज नावाच्या विकरामुळे. ते याच मुळापासून मिळते.

वाळवताना रंग तपकिरी होण्यात अशा विकरांचा हात असतो. कापलेल्या भागाला हवा लागली की ती आपले काम सुरू करतात. त्यामुळे चकत्या किंचित काळवंडल्या तर घाबरू नये, तो सफरचंद काळे पडण्याच्या जातीचा बदल आहे. एका वेळी थोडेच मूळ सोलून लगेच कापून पसरावे, आणि बाकीचे सालीसकट फ्रिजमध्ये राहू द्यावे, एवढे केले तरी पुष्कळ फरक पडेल.

---

जहाजावरचा_आचारी

मी बारा वर्षे प्रवासी जहाजांच्या स्वयंपाकघरात होतो, आता साखर पेठेत घरी असतो. तिथे आठवड्याला कित्येक किलो हॉर्सरॅडिश संपत असे. वापराबद्दल लिहितो, कारण वाळवणाचे वर उत्तम सांगून झाले आहे.

पहिली गोष्ट ताज्या मुळाबद्दल. ताई, ते मेपर्यंत टिकणार नाही हा तुमचा समज चुकीचा आहे. न सोललेले मूळ किंचित ओलसर कापडात आणि वर पिशवीत गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले तर कित्येक आठवडे राहते. आठवड्यातून एकदा कापड बदला आणि मऊ पडलेला भाग कापून टाका. म्हणजे आठशेपैकी दोनशे ग्रॅम जावईबापूंसाठी ताजेच राखा. वाळवलेल्याला ताज्याची सर येत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. वाळवणात झणका राहतो, पण ताज्या किसात जी गोडसर, रसाळ चव मागून येते ती जाते.

व्हिएन्नाच्या माणसाला खूश करायचे असेल तर सफरचंदाचे क्रेन करा. आंबट सफरचंद किसून त्यावर लगेच लिंबू पिळायचे, चवीपुरते मीठ आणि साखर, आणि जेवायला बसण्याआधी त्यात चमचा-दोन चमचे ताजा कीस. मांस नसले तरी हरकत नाही, उकडलेल्या बटाट्याबरोबर ते फार छान लागते.

पुडीचा वापर असा. एक भाग पूड आणि दोन भाग गार पाणी कालवून दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवा. चढली की मगच व्हिनेगर किंवा लिंबू घाला. आंबट पडले की क्रिया थांबते आणि झणका त्या टप्प्यावर थबकतो, म्हणून सौम्य हवे असेल तर आंबट लवकर घालायचे आणि जहाल हवे असेल तर उशिरा. आंबट न घालता नुसत्या पाण्यात ठेवलेली पूड काही तासांत उतरते आणि तिला लसणासारखा शिळा वास येऊ लागतो. सकाळी कालवून रात्री वाढू नये.

आपल्या जेवणात माझ्या अनुभवाने तिची जागा तीन ठिकाणी आहे. एक म्हणजे चक्क्यात: पाणी निथळलेले दही, मीठ, चिमूट साखर आणि चढलेली पूड, शेजारी कडक भाकरी. दुसरी बिटाच्या कोशिंबिरीत. पोलंड आणि युक्रेनकडे बीट व हॉर्सरॅडिश ही जोडी घरोघरी असते, आणि बिटाचा मातकट गोडवा या झणक्याने खरोखरच सुधारतो. तिसरी, ज्यांच्याकडे चालते त्यांनी, सुक्या मटणाच्या बाजूला चटणीसारखी. मात्र काळ्या मसाल्याच्या रश्श्यात ती घालणे म्हणजे ढोल वाजत असताना बासरी वाजवणे. उकळत्या कशातही घालू नका. पिठल्यात घालायचीच असेल तर ताटात वाढल्यावर वरून घ्या.

आपल्या शेंगदाण्याच्या चटणीत घालून पाहण्याचा मोह मला झाला होता. चव वाईट नव्हती, पण लसूण आणि लाल तिखट यांच्यापुढे ती कोणाला ओळखूही आली नाही, म्हणून नाद सोडला.

जाता जाता एक सांगतो. आपल्याकडच्या हॉटेलांत वासाबी म्हणून जी हिरवी गोळी देतात ती बहुतेक वेळा हॉर्सरॅडिशची पूड, मोहरी आणि हिरवा रंग यांची असते. खरे वासाबी हे वेगळे आणि अतिशय महाग मूळ आहे. म्हणजे ज्यांनी ती गोळी खाल्ली आहे त्यांनी वाळवलेले हॉर्सरॅडिश आधीच खाल्ले आहे.

ज्यांना आम्लपित्ताचा किंवा जठरात व्रण असण्याचा त्रास आहे त्यांनी आणि लहान मुलांनी यापासून दूर राहावे.

---

वैशाखवणवा (जुळे सोलापूर)

सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहिते आहे, कारण प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय उत्तर देण्यात अर्थ नव्हता.

आधी जुन्या पुडीची परीक्षा. माठाच्या पाण्यात कालवून, झाकून, पंधरा मिनिटांनी हुंगली. अगदी दूरवरून कोणीतरी मोहरी फेसत असल्यासारखे काहीतरी आले आणि लगेच गेले. सरांनी म्हटले तशी ती कोशिंबिरीत खपवते आहे, पण चव मुळ्याच्या वाळक्या पाल्याइतकीच आहे, हे कबूल करायला हवे.

मग सहाशे ग्रॅम मुळे घेतली आणि दोनशे ग्रॅम जावईबापूंसाठी न सोलता ठेवली. एक एक मूळ सोलून लगेच चकत्या केल्या. या वेळी डोळ्यांत पाणी आले ते नावापुरते, आणि वहिनींनी काही विचारले नाही, तेव्हाच मला बरे वाटले. जुने इरकली लुगडे मागच्या खोलीत दोन खुर्च्यांना बांधले आणि वर पंखा लावला. पहिल्या दिवशी दुपारी साडेतीनला वीज गेली ती सहाला आली, पण खिडक्या उघड्या ठेवल्याने काही बिघडले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चकत्या ‘कट्’ करून मोडल्या. दोन-तीन जाड होत्या, त्यांचा मध्यभाग काचेसारखा दिसला, त्या बाजूला काढून आणखी एक दिवस ठेवल्या. कडा किंचित बदामी झाल्या आहेत, बाकी रंग हस्तिदंतासारखा आहे. एकूण एकशे पंचेचाळीस ग्रॅम भरले, कारण सोलताना साल बरीच गेली.

काल संध्याकाळी पाच चकत्या मिक्सरमध्ये थांबून थांबून दळल्या. कोरड्या पुडीला विशेष वास नव्हता, म्हणून मनात पुन्हा धाकधूक झाली. गार पाण्यात कालवून वाटीवर ताटली ठेवली आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. तिसरी भाकरी तव्यावर असताना सासूबाई ओट्याशी आल्या, मला न विचारता ताटली उचलली आणि वाटीवर वाकल्या. त्यांची मान जी मागे गेली ती पाहून मी घाबरलेच. डोळे पुसत त्या म्हणाल्या, ‘अगं, ही तर फेसलेली मोहरी. एवढ्यासाठी पुण्याहून मुळं मागवलीस होय?’ सर, तुमच्या आईंची खूण आमच्या घरीही चालते, एवढे नक्की.

चक्क्यात कालवून कडक भाकरीबरोबर खाल्ले. मोहरीपेक्षा हा झणका स्वच्छ वाटला, मागे कडवटपणा राहिला नाही. बिटाची कोशिंबीर आमच्या ह्यांना अधिक आवडली. त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि मग दहा मिनिटे बोलले नाहीत.

आता शेवटची शंका. मुळांचे वरचे शेंडे, जिथे पानांचे कोंब दिसतात, ते मी कापून बाजूला ठेवले आहेत. कुंडीत लावले तर आपल्या हवेत येतील का?

---

कुरडई_कारखाना

एकशे पंचेचाळीस म्हणजे हिशेब बरोबर आला. जाड चकत्या वेगळ्या काढल्यात हे फार चांगले केलेत, बरणीची नासाडी त्याच करतात. आता दव पाहायला विसरू नका, अजून आठवडा झालेला नाही.

---

जहाजावरचा_आचारी

शेंडे लावून पाहायला काहीच खर्च नाही. हे पीक बियांपेक्षा मुळांच्या तुकड्यांपासूनच करतात आणि युरोपात तर एकदा वाफ्यात शिरले की काढता काढता माळी थकतात, कारण जमिनीत राहिलेला बोटभर तुकडाही पुन्हा फुटतो. पण ते थंड हवेचे पीक आहे आणि चांगले मूळ धरायला त्याला हिवाळ्यातली खरी थंडी लागते. सोलापुरात फार मोठ्या मुळाची अपेक्षा ठेवू नका. आता वैशाखात लावण्याऐवजी शेंडे ओलसर वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवा, पावसाळा सरल्यावर खोल कुंडीत लावा आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी ठेवा. कोवळी पाने आली तर तीही चिरून कोशिंबिरीत घालता येतात.

---

वैशाखवणवा (जुळे सोलापूर)

वाळू आजच आणते. अक्कलकोट रस्त्याहून शेंगांची जुडी काल मिळाली, आमटी झाली, आणि या खेपेस फोडणीत फक्त मोहरीच घातली.